डोंगरगढची यात्रा आणि आपली मुले



यंदा नवरात्रात शाळेची डोंगरगढ यात्रा का नेली नाही, हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला की प्रत्येकाला वेगळे उत्तर देण्यापेक्षा आपल्या पत्रिकेतूनच एकदा सविस्तर सांगावे असे ठरविले. काहींनी प्रेमाने विचारले, काहींनी रागाने. एका विश्वस्त महोदयांनी सभेतच विचारले, "मॅडम, अष्टमीला मुलांना देवीच्या दर्शनाला नेण्याची शाळेची इतक्या वर्षांची परंपरा, ती तुमच्या एका सहीने बंद?" प्रश्न रास्त आहे. सही माझी आहे, तेव्हा उत्तरही मीच दिले पाहिजे.

सुरुवातीलाच सांगते, बमलाईवर माझी श्रद्धा आहे. आपल्या भागात कोणाची नाही? महाराष्ट्रातले आपले नातेवाईक माहूरच्या रेणुकेला जातात, कोणी वणीच्या सप्तशृंगीला जातात. आपल्या हट्ट्याच्या माणसाची डोंगरावरची देवी म्हणजे डोंगरगढची बमलेश्वरी. हट्टा रोडला गाडीत बसायचे, गोंदियाला उतरून मुंबई-हावडा लाइनची गाडी धरायची, आणि मग आमगाव, सालेकसा, दरेकसा, बोरतलाव, पानियाजोब अशी स्टेशने मुले मोठ्याने वाचत जातात. दरेकसाचा बोगदा आला की सगळा डबा ओरडतो. डोंगर दिसला की ओरडणे थांबते आणि हात जोडले जातात. एवढ्याशा प्रवासात आपण मध्यप्रदेशातून महाराष्ट्रात आणि महाराष्ट्रातून छत्तीसगडात जातो. १९५६ च्या आधी हा सगळा मुलूख एकाच मध्यप्रांतात होता. पुढे बालाघाट इकडे राहिले, भंडारा-गोंदिया तिकडे गेले, २००० साली छत्तीसगड वेगळे झाले. देवीने मात्र कोणाला राज्य विचारले नाही.

डोंगरावर मोठी बमलाई, पायथ्याशी लहान बमलाई. वर जायला हजारावर पायऱ्या. वाटेत माधवानल आणि कामकंदलेची गोष्ट सांगितली की पाचवी-सहावीची मुले दमायचे विसरतात. हे सगळे आपल्या मुलांना मिळावे असे मलाही वाटते. नवरात्रात, आणि त्यातही पंचमी-अष्टमीला, ते मिळते का, एवढाच माझा प्रश्न आहे. त्या दिवसांत दुरून दुरून पायी येणारे जत्थे, रेल्वेचे जादा थांबे, पायऱ्यांवर खांद्याला खांदा. तिथे गोष्ट कोण सांगणार आणि कोण ऐकणार? पोरांचे हात सुटू नयेत यातच शिक्षकांचा सारा जीव अडकलेला असतो.

आता एक गोष्ट, जी मी आजवर कोणाला पूर्ण सांगितलेली नाही. मी नवीन शिक्षिका होते तेव्हाची. शाळा दुसरी, गाव दुसरे, देवीचा गडही दुसरा. जत्रेच्या दिवशी अडतीस मुले घेऊन आम्ही दोघी शिक्षिका गेलो. दर्शन नीट झाले. उतरताना मात्र त्याच पायऱ्यांनी माणसे वर येत होती आणि त्याच पायऱ्यांनी खाली जात होती. (चढण्यापेक्षा उतरताना पाय जास्त घसरतो, हे आपल्या बावलीच्या पायऱ्या पाहिलेल्या हट्ट्याच्या मुलांना सांगायला नको.) मध्येच वरून कोणी तरी ओरडले, "मधमाश्या उठल्या!" पुढे काय झाले ते मला धड सांगता येणार नाही. पाठीवर एकदम वजन आले, एवढेच आठवते. खाली पोहोचून मोजले तर मुले सदतीस. सहावीतली एक मुलगी नव्हती. अडीच तासांनी ती सापडली. एका नारळवाल्याने तिला हात धरून आपल्या दुकानामागे ओढून घेतले होते आणि गर्दी ओसरेपर्यंत तिथेच बसवून ठेवले होते. मधमाशी एकही उठली नव्हती.

तिच्या वडिलांना मी सांगितले, "जरा मागे राहिली होती." ते मला नमस्कार करून मुलीला घेऊन गेले. आज तीही कोणाची आई असेल. अष्टमीच्या यात्रेचा कागद टेबलावर आला की मला तो नमस्कार आठवतो.

पण एका बाईच्या जुन्या भीतीवर शाळेचा निर्णय होऊ नये, हे मला कळते. म्हणून इतर ठिकाणी काय झाले तेही पाहावे.

सातारा जिल्ह्यात वाईजवळ मांढरदेवीचा डोंगर आहे. तिथली काळूबाई. २५ जानेवारी २००५ रोजी पौष पौर्णिमा होती आणि वार मंगळवार, म्हणजे देवीचाच. लाखोंनी माणसे आलेली. वाट अरुंद, दोन्ही बाजूंना दुकाने. फोडलेल्या नारळांच्या पाण्याने दगडी पायऱ्या निसरड्या झालेल्या. काही जण घसरून पडले, त्यांच्यावर मागचे पडले. खालच्यांना वर काय झाले ते कळत नव्हते आणि ते चढतच होते. त्यात संतापलेल्या लोकांनी दुकानांना आगी लावल्या आणि दुकानांतले गॅस सिलिंडर फुटले. सुमारे ३०० माणसे गेली. शासनाने न्यायमूर्ती राजन कोचर यांचा चौकशी आयोग नेमला. सुरुवात कशाने झाली पाहा. नारळाच्या पाण्याने. ज्याने नारळ फोडला त्याच्या मनात भक्तीच होती.

हिमाचलात बिलासपूर जिल्ह्यात नैनादेवी, तीही डोंगरावर. ३ ऑगस्ट २००८, श्रावणातले नवरात्र. दरड कोसळली अशी आवई उठली आणि सुमारे १४५ भाविक गेले, त्यांत स्त्रिया आणि मुले पुष्कळ. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला, शारदीय नवरात्राच्या पहिल्याच दिवशी, जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यावरच्या चामुंडादेवीच्या रांगेत २०० हून अधिक गेले, बहुतेक तरुण पोरे. आणि हरिद्वारची मनसादेवी तर अगदी ताजी गोष्ट आहे. २७ जुलै २०२५, श्रावणातला रविवार. पायऱ्यांवर विजेचा प्रवाह उतरला अशी बोलवा पसरली आणि किमान ८ जण गेले.

आपल्या मध्यप्रदेशाचेच उदाहरण घ्या. दतिया जिल्ह्यातली रतनगढची माता. वाटेत सिंध नदी लागते. २००६ मध्ये नदीत अचानक पाणी वाढून यात्रेकरू वाहून गेले, म्हणून पुढे तिथे पूल झाला. १३ ऑक्टोबर २०१३, नवमी. त्याच पुलावर, पूल तुटतो आहे अशी अफवा उठली आणि सुमारे ११५ माणसे गेली. पूल तुटला नव्हता. लोकांचा जीव वाचावा म्हणून बांधलेला पूल होता तो.

हे सारे वाचताना माझ्या मनात एका शब्दाविषयी काही आले. माझे सगळे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. आपल्याकडे येणारी वर्तमानपत्रेही हिंदीच. त्यांत अशा घटनेला 'भगदड' म्हणतात. भगदड म्हणजे पळापळ. शब्द कानावर पडला की वाटते, लोक घाबरून पळाले, एकमेकांना तुडविले, चूक त्यांचीच. मराठीत आपण 'चेंगराचेंगरी' म्हणतो. मला मराठी शब्द जास्त खरा वाटतो. कारण अशा वेळी बहुतेक माणसे पळत नसतात. पळायला जागाच नसते. एका चौरस मीटरमध्ये, म्हणजे साधारण आपल्या वर्गातल्या एका बाकाच्या जागेत, सहा-सात माणसे उभी राहिली की माणसाचे पाय त्याचे राहत नाहीत. गर्दी पाण्यासारखी वाहू लागते आणि माणूस तिच्याबरोबर ढकलला जातो. पुष्कळ जण तुडविले जाऊन मरत नाहीत, छाती फुगायला जागा न उरल्याने उभ्या उभ्या श्वास कोंडून मरतात. उंचीने लहान मुलाचे तोंड तर मोठ्यांच्या पोटा-पाठीच्या मध्ये दाबलेले असते. भगदड म्हटले की दोष पळणाऱ्याला लागतो. चेंगरले म्हटले की कशाने चेंगरले, हे विचारावे लागते.

आमच्या सहावीतल्या एका विद्यार्थ्याच्या आजी मला मुद्दाम भेटायला आल्या. त्यांचे म्हणणे, "मोठ्या बाई, मायच्या दारी भेव कायचं? माय बलावते तवाच माणूस जाते." त्यांच्या श्रद्धेपुढे मी वाद घातला नाही, घालणारही नाही. मी एवढेच विचारले, "आजी, माय बोलावते ती अष्टमीलाच का? मार्गशीर्षात तिचे दार बंद असते का?" आजी हसल्या. मग म्हणाल्या, "नवस अष्टमीचा असते ना." हा मुद्दा मात्र खरा आहे. नवस बोललेला माणूस तिथी टाळू शकत नाही, आणि ज्याच्या घरी तसा नवस असेल त्याने आपल्या माणसांसोबत जरूर जावे. शाळेने मात्र कोणताही नवस बोललेला नाही. दीडशे पोरांना घेऊन त्याच दिवशी, त्याच पायऱ्यांवर, आधीच उभ्या असलेल्या भाविकांत भर घालण्याचे आपल्याला काय कारण? आपण तिथे गेलो नाही तर दीडशे माणसांची जागा कोणा नवसवाल्या म्हातारीला मोकळी मिळते. यालाही सेवाच म्हणावे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

काही पालकांनी सुचविले की मुलांना रोपवेने न्यावे, पायऱ्यांचा प्रश्नच मिटेल. रोपवे वृद्धांसाठी आणि आजाऱ्यांसाठी मोठी सोय आहे. सप्तशृंगीलाही २०१८ पासून ट्रॉली झाली आहे. पण नवरात्रात रोपवेची रांग ही शेवटी रांगच असते, आणि डोंगरगढच्या रोपवेवर फेब्रुवारी २०२१ आणि एप्रिल २०२५ मध्ये अपघात झालेले आहेत. शिवाय धडधाकट पोराने पायऱ्या सोडून पाळण्यात बसावे, हे माझ्या मनाला पटत नाही. (इथे माझा हट्ट असेल. हट्ट्याला राहून तेवढा चालतो.)

दुसरे कोणी म्हणाले, व्यवस्था करणाऱ्यांनी बघावे, ते त्यांचे काम आहे. काम त्यांचे आहेच. वैष्णोदेवीला यात्रेची नोंद करूनच वर सोडतात. २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तिथे दिवसाला ५०,००० यात्रेकरूंची मर्यादाही घातली. तरी १ जानेवारी २०२२ च्या पहाटे तिथे १२ जण गेले, कारण नव्या वर्षाचे पहिले दर्शन प्रत्येकालाच हवे होते. मर्यादा दिवसाची होती, गर्दी तासाची झाली. व्यवस्था कितीही चांगली असो, कोणत्या दिवशी आणि कोणत्या वेळी जायचे हे तरी आपल्या हातात असते.

आता जरा आपल्या घरात बघू. सप्टेंबरमध्ये एका दुपारी मी घड्याळ घेऊन शाळेच्या जिन्याखाली उभी राहिले. वरच्या मजल्यावर चार वर्ग, जिना एकच. सुटीची घंटा होताच चारही वर्ग एकदम सुटले. मधल्या वळणावर दोन मुले कठड्याला दाबली गेली, एकाची चप्पल निघाली आणि ती उचलायला तो वाकला. वाकलेल्या मुलावर मागचे तिघे आले. सुदैवाने खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. हे आपल्या शाळेत रोज होत होते आणि माझे कार्यालय जिन्यापासून वीस पावलांवर आहे. डोंगरगढच्या पायऱ्यांची चिंता करणाऱ्या प्राचार्यांना स्वतःचा जिना दिसला नव्हता, हे मी इथे लिहून ठेवते. दुसऱ्या दिवसापासून वर्ग एकामागून एक सोडू लागलो. सगळ्यांना खाली यायला दोन मिनिटे जास्त लागतात. चौथीतल्या एका मुलीला मी विचारले की काल ढकलाढकली का झाली असेल. ती म्हणाली, "मागच्याला दिसतच नाही ना पुढे कोण पडलं ते." मांढरदेवीला नेमके हेच झाले होते.

मग आम्ही मुलांना कानगोष्टींचा खेळ खेळायला लावला. पहिल्याच्या कानात सांगितले, "पायरीवर पाणी सांडले आहे." तिसाव्याने उभे राहून सांगितले, "पायरी पडली, पळा." वर्ग खो खो हसला. नंतर मी त्यांना मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनची गोष्ट सांगितली. २९ सप्टेंबर २०१७, पावसाची सकाळ, पुलाच्या जिन्यावर खेचाखेच. कोणाची फुले पडली, 'फूल गिर गया' असे कोणी म्हणाले आणि लोकांनी ऐकले 'पूल गिर गया', असे त्या वेळच्या बातम्यांत आले होते. २३ माणसे गेली. हिंदी आपल्या सर्व मुलांना येते, त्यामुळे फूल आणि पूल यांतले अंतर समजावून सांगावे लागले नाही. वर्गात कोणी हसले नाही.

ज्या घरची मंडळी नवरात्रात जाणारच आहेत, त्यांना चार शब्द. शक्य असेल तर सुरुवातीच्या दिवसांत जा, पंचमी आणि अष्टमी टाळा. मुलाच्या खिशात चिठ्ठी ठेवा, तिच्यावर नाव, गाव आणि फोन नंबर. मुलाला मोबाइल नंबर पाठ असला तरी घाबरलेल्या मुलाला तो आठवत नाही. चुकामूक झाली तर कुठे भेटायचे ते वर चढण्याआधीच ठरवा. गर्दी दाटू लागली तर प्रवाहाच्या उलट जाऊ नका, तिरपे तिरपे कडेला सरका. हात खाली लोंबू न देता छातीपुढे धरा, म्हणजे श्वासाला जागा राहते. लहानाला खांद्यावर घ्या. चप्पल, ओटीचे सामान, मोबाइल, काहीही पडले तरी वाकू नका. बांगड्या-खेळण्यांची दुकाने पायऱ्यांवर थांबून बघू नका, मागे रांग तुंबते. आणि कोणी काही ओरडले तर तेच वाक्य पुढे ओरडू नका. विद्यार्थी मित्रांनो, हे शेवटचे तुमच्यासाठी आहे. घरातल्या मोठ्यांना हे तुम्हीच सांगायचे आहे, कारण माझ्या अनुभवाने मोठी माणसे शाळेचे पत्रक वाचत नाहीत, पोरांचे मात्र ऐकतात.

यात्रा बंद झालेली नाही, हे विश्वस्त मंडळींना आणि पालकांना पुन्हा सांगते. अर्धवार्षिक परीक्षा आटोपल्यावर आणि धान घरात आल्यावर, डिसेंबरमध्ये, आठवड्याच्या मधल्या वारी आपण डोंगरगढला जाणार आहोत. सगळी शाळा एकदम नाही, दोन तुकड्या, दोन वेगळ्या दिवशी. दर दहा मुलांमागे एक मोठे माणूस राहील. ज्या पालकांना सोबत यायचे असेल त्यांनी वर्गशिक्षकांकडे नाव द्यावे. सकाळच्या गाडीने हट्टा रोडहून निघायचे. भाकर आणि चटणी घरून आणायची, दुपारचे जेवण खाली उतरल्यावर. पायऱ्या सर्वांनी चढायच्या, धाप लागली की बसायचे, कामकंदलेची गोष्ट तिथेच होईल. वर चढताना, वर पोहोचल्यावर आणि खाली उतरल्यावर अशी तीनदा मोजणी, आणि प्रत्येक मोजणीवर माझी सही. नारळ शाळेतर्फे एकच न्यायचा आणि ठरलेल्या जागीच वाढवायचा, पायरीवर नाही.

त्या सहावीच्या मुलाच्या आजींनीही नाव दिले आहे. तुम्ही रोपवेने या, असे मी त्यांना सुचविले. म्हणाल्या, "मी पायऱ्यांनंच येतो, कोणी हात धरला तर." नववीच्या दोन मुलींची नावे मी त्यांच्यासाठी लिहून ठेवली आहेत.